संस्थांची आरोग्य-साक्षरता : ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक आढावा

आरोग्याविषयीची माहिती मिळवता येणे, ती समजणे, खरी-खोटी पारखता येणे आणि तिच्या आधारे स्वतःसाठी व घरच्यांसाठी निर्णय घेता येणे, याला आरोग्य-साक्षरता म्हणतात. स्कॉट सायमंड्स या अमेरिकी अभ्यासकाने १९७४ मध्ये आरोग्यशिक्षणाच्या चर्चेत ही संज्ञा वापरली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये तिची व्याख्या केली. २००० मध्ये डॉन नटबीम यांनी तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. औषधाच्या चिठ्ठीवरचे वाचून तसे वागता येणे ही पहिली, डॉक्टरांशी बोलून शंका विचारता येणे ही दुसरी आणि मिळालेल्या माहितीची चिकित्सा करून आरोग्याच्या सामाजिक कारणांवरही बोट ठेवता येणे ही तिसरी.

बराच काळ हा प्रश्न फक्त रुग्णाच्या बाजूने पाहिला गेला. रुग्णाला कळत नाही म्हणून त्याला शिकवायचे, त्यासाठी भित्तिपत्रके लावायची, शिबिरे घ्यायची, असा रिवाज होता. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या एका चर्चानिबंधाने रोख बदलला. आरोग्य-साक्षर रुग्णालय कसे असते, याची दहा लक्षणे त्यात मांडली होती. नेतृत्वाने हा विषय आपला मानणे, कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण देणे, माहितीपत्रके तयार करताना रुग्णांनाच सामील करून घेणे, इमारतीत वाट सापडणे सोपे करणे आणि खर्च किती येईल हे आधी स्पष्ट सांगणे ही त्यांपैकी काही. २०२० मध्ये अमेरिकी सरकारच्या ‘हेल्दी पीपल २०३०’ या आराखड्याने व्यक्तीची आणि संस्थेची आरोग्य-साक्षरता अशा दोन वेगळ्या व्याख्या केल्या. माहिती समजण्याजोगी करणे हे संस्थेचे काम आहे, असे त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाले. संस्थेत या विषयाची जाणीव रुजवायची म्हणजे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पटवायचे, की समोरच्याला न समजण्यात आपला वाटा असतो आणि तो दुरुस्त करता येतो.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा भाग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे, कारण अक्षरओळख आणि आरोग्य-साक्षरता यांतले अंतर इथे उघड दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती आणि साक्षरता नव्वद टक्क्यांहून अधिक. शेजारच्या ठाणे शहरात अठरा लाखांहून अधिक लोक राहत होते. डोंबिवलीसारखे वाचनालयांचे आणि व्याख्यानमालांचे गाव अडाणी म्हणता येणार नाही. पण बँकेचे व्यवहार सहज करणाऱ्या माणसालाही डिस्चार्ज कार्डावरची इंग्रजी संक्षेपाक्षरे उलगडत नाहीत. शिवाय इथे भाषा एक नाही. मराठीसोबत आगरी-कोळी बोली आहेत, मुंब्र्यात उर्दू आहे, उल्हासनगरच्या शेजारामुळे सिंधी आहे, कारखान्यांतल्या कामगारांची भोजपुरी आहे, डोंबिवलीत तमिळ, मल्याळम आणि कन्नड घरे आहेत. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात शहापूर-मुरबाडकडचे आणि पालघरच्या आदिवासी पाड्यांवरचे रुग्णही येतात. त्यांच्यासाठी रुग्णालयाची इमारत हीच पहिली अडचण असते.

रुग्णालयात माणसाला माहिती देणारे डॉक्टर हे शेवटचे असतात. त्याआधी तो सुरक्षारक्षकाला विचारतो, केसपेपरच्या खिडकीवर विचारतो, रांगेतल्या दुसऱ्या रुग्णाला विचारतो, मग सिस्टरना, आणि वॉर्डात गेल्यावर मावशींना व मामांना. खिडकीवरून ‘वर जा, बावीस नंबर’ एवढेच उत्तर मिळाले, तर वर म्हणजे कुठल्या मजल्यावर आणि बावीस नंबरला काय आहे, हे त्याला कळलेले नसते. डॉक्टर गाठेपर्यंत तो दमलेला आणि धास्तावलेला असतो. त्यानंतर ऐकलेले किती लक्षात राहते? नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ केसेल्स यांच्या २००३ मधल्या आढाव्यानुसार, वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतात आणि जे आठवते त्यातले जवळपास निम्मे चुकीचे असते. हे प्रमाण शिकलेल्या देशांतल्या रुग्णांचे आहे. त्यामुळे न समजणे हा ठरावीक गरीब किंवा निरक्षर रुग्णांचा दोष मानण्याला आधार उरत नाही. याच कारणाने अमेरिकेच्या आरोग्यसेवा संशोधन संस्थेने २०१० मध्ये ‘सार्वत्रिक खबरदारी’चे तत्त्व पुढे आणले: कुणाला कळते आणि कुणाला नाही हे चेहऱ्यावरून ठरवू नये, सर्वांशीच सोपे बोलावे.

न समजण्याची किंमत मोठी असते. २०११ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या आढाव्यात कमी आरोग्य-साक्षरतेचा संबंध वारंवार रुग्णालयात दाखल होण्याशी, तातडीच्या विभागाच्या वाढत्या वापराशी आणि औषधे चुकीची घेण्याशी आढळला. उलट बाजूचा पुरावाही आहे. बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाने घरी सोडण्याची पद्धत नव्याने आखली. एका परिचारिकेने प्रत्येक रुग्णासोबत बसून त्याला सोप्या भाषेतली पुस्तिका समजावली आणि नंतर औषधतज्ज्ञाने फोन केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या रुग्णांचे पुन्हा दाखल होणे व तातडीच्या विभागात येणे मिळून सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

या भागातला गोंधळ नेमका कुठे होतो, हे काही साध्या सूचनांवरून दिसते. ‘साखर तपासायला उपाशीपोटी या’ असे सांगितले जाते, पण चहाने उपाशीपण मोडत नाही असे समजून माणूस साखरेचा चहा पिऊन येतो. दुसरा मधुमेहाची सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतो, उपाशीच रांगेत उभा राहतो आणि चक्कर येऊन पडतो. चिठ्ठीवर ‘१-०-१’ लिहिलेले असते. पहाटेची लोकल धरून रात्री नऊला घरी येणाऱ्या, किंवा औद्योगिक वसाहतीत आठवड्याआड रात्रपाळी करणाऱ्या माणसाची सकाळ कोणती, हे कुणी विचारलेले नसते. रक्तदाबासाठी ‘पाण्याची गोळी’ सुरू केलेली नोकरदार बाई ती सोडून देते, कारण गोळीने तासाभरात लघवीला लागते आणि उपनगरी गाडीत स्वच्छतागृह नसते. केसपेपरवर ‘औषधे नियमित घेत नाही’ अशी नोंद होते. तिचा प्रवास विचारला असता, तर गोळीची वेळ बदलता येते का हे डॉक्टरांना पाहता आले असते.

समजले की नाही हे पाहण्याची सर्वांत साधी पद्धत ‘टीच-बॅक’ या नावाने ओळखली जाते. ‘समजले ना?’ या प्रश्नाला रुग्ण मान डोलावतोच. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल, कुठली गोळी कधी घ्यायची ते?’ असे विचारले, की काय पोचले आणि काय नाही ते दोन वाक्यांत कळते. परीक्षा रुग्णाची नसून सांगणाऱ्याच्या सांगण्याची आहे, हा सूर मात्र सांभाळावा लागतो. नाहीतर आधीच संकोचलेला माणूस आणखी गप्प होतो. हा संकोच जुना आहे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला जाण्यापूर्वी, १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात केलेल्या भाषणात, स्त्री-डॉक्टरांची गरज नेमकी याच मुद्द्यावर मांडली होती: पुरुष डॉक्टरांपुढे बायका आपले दुखणे बोलत नाहीत. बाह्यरुग्ण विभागात एका टेबलाभोवती चार रुग्ण उभे असताना पाळीच्या, लघवीच्या किंवा मनाच्या तक्रारी आजही बोलल्या जात नाहीत. आडोसा आणि खुर्ची हीसुद्धा आरोग्य-साक्षरतेची साधने आहेत.

कायदा आणि मानके या बाबतीत बरीच पुढे गेलेली आहेत. समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की रुग्णाला उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके पुरेसे समजल्यावरच त्याची संमती खरी ठरते. एका उपचारासाठी घेतलेली संमती दुसऱ्याला लागू होत नाही. रुग्णाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असा नियम वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या ‘एनएबीएच’च्या मानकांत रुग्णांचे हक्क व शिक्षण यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत देण्याची अपेक्षा आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये केलेल्या सुधारणेने रुग्ण हक्क सनद आणि ठरावीक सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक झाले. नोंदणी आणि तपासणीचे अधिकार महापालिका क्षेत्रात पालिकेकडे असतात. म्हणून या नियमाचे काय होते हे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पालिकांच्या वैद्यकीय आरोग्य विभागांवर अवलंबून आहे. सनद भिंतीवर असणे ही पहिली पायरी. स्वागतकक्षात बसलेल्या मुलीला तिच्यातला एकही हक्क सांगता येत नसेल, तर ती सनद संस्थेपर्यंत पोचलेली नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संस्थेच्या आत बसवलेला एक चांगला दुवा आहे. योजनेशी जोडलेल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. कुठले उपचार यादीत आहेत, शिधापत्रिका व ओळखपत्र कुठे लागते, मंजुरी कशी येते हे त्याने सांगायचे असते. २०२३ मध्ये राज्य सरकारने ही योजना सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा आणि संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून आरोग्यमित्राचे महत्त्व आणखी वाढले. तरी त्याचे टेबल कुठे आहे हे खिडकीवरच्या माणसाला, वॉर्डातल्या सिस्टरना आणि रात्रपाळीच्या रक्षकाला ठाऊक असले पाहिजे. बिल भरून झाल्यावर कळलेली योजना कुणाच्याच उपयोगाची नसते.

आरोग्य-साक्षरतेची जबाबदारी रुग्णालयांपुरती नाही. ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. डोंबिवलीच्या वसाहतीत रसायन, रंग आणि कापडप्रक्रियेचे कारखाने निवासी वस्तीला अक्षरशः लागून आहेत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात घातलेल्या ४१-ब कलमाने, धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने धोक्यांची, आरोग्यावरील परिणामांची आणि ते टाळण्याच्या उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या लोकांनाही देणे बंधनकारक केले. पुढच्या कलमांनी कामगाराला स्वतःच्या आरोग्य नोंदी पाहण्याचा आणि तातडीचा धोका दिसल्यास तो निदर्शनास आणण्याचा हक्क दिला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही माहिती उघड करण्याचे बंधन कायम आहे.

२६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत भीषण स्फोट झाले. कामगार मृत्युमुखी पडले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटून रहिवासी जखमी झाले. अशा वेळी माहितीचा प्रश्न जिवाशी येतो. रसायनाच्या प्रत्येक पिंपासोबत सुरक्षा माहितीपत्रक असते, पण ते बहुधा इंग्रजीत, अनेक पानी, आणि पर्यवेक्षकाच्या कपाटात. डोळ्यात थेंब उडाला तर किती वेळ पाण्याने धुवायचे, कुठल्या आगीवर पाणी मारायचे नाही, कपडे आधी काढायचे की आधी बाहेर पळायचे, हे कंत्राटी कामगाराला त्याच्या भाषेत आणि चित्रांतून, यंत्राशेजारीच दिसायला हवे. रहिवाशांनाही भोंगा कशाचा आणि वायू पसरल्यास खिडक्या बंद करून आत थांबायचे की वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जायचे, हे आधी ठाऊक हवे. या बाबतीत कारखाने, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, अग्निशमन दल आणि गृहनिर्माण संस्था यांनी एकत्र सराव करण्याला पर्याय नाही. एकेकट्या संस्थेचे प्रयत्न इथे हमखास अपुरे पडतात.

कारखान्यांतले आणखी एक मोठे अज्ञान राज्य कामगार विम्याबाबत आहे. २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी या विम्याखाली येतात. २०१९ पासून पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. पगारपत्रकावरची ही कपात सगळ्यांना दिसते. पण कुटुंबाचाही उपचार त्यात होतो, नेमलेला दवाखाना कोणता, वागळे इस्टेटमधल्या कामगार रुग्णालयात कसे जायचे, आजारपणात ७० टक्के वेतन ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते आणि त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवसांचा भरणा लागतो, हे माहीत नसते. ते नीट सांगायला कुठलेही शिबिर लागत नाही. नेमणुकीच्या दिवशी मनुष्यबळ विभागाने अर्धा तास दिला तरी पुरतो.

क्षयरोग आणि एचआयव्ही यांनी कामाच्या ठिकाणी माहितीबरोबर गोपनीयतेचा प्रश्नही आणला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासावी आणि निदान झाल्यास औषधे मोफत मिळतात, हे सहकाऱ्यांना कळले तर रोगी लपत नाही. त्याचे नाव मात्र कळता कामा नये. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला मनाई केली आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना तक्रार अधिकारी नेमण्यास सांगितले. आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनांसाठी ही मर्यादा वीस आहे.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत ठाण्याची परंपरा वेगळी आणि भक्कम आहे. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि त्याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, सुरू केली. ‘सुदृढ मन सर्वांसाठी’ हे तिचे ब्रीद. आजार झाल्यावर उपचार करण्याइतकेच महत्त्व तिने मनाविषयीची भाषा शाळांत, पालकांत आणि कार्यालयांत नेण्याला दिले. विद्यार्थ्यांसाठीचा ‘वेध’ हा तिचा उपक्रम ठाण्यातून महाराष्ट्रातल्या अनेक गावांत पोचला. या कामातून संस्थांना घेण्यासारखी गोष्ट म्हणजे सातत्य. एका दिवसाचे तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवून मोकळे होणाऱ्या कार्यालयांत फारसे काही बदलत नाही. तिथल्या वरिष्ठांनाच अस्वस्थ कर्मचाऱ्याशी पहिले वाक्य काय बोलायचे, कुठे पाठवायचे आणि काय बोलायचे नाही हे शिकवले, तर रजेच्या अर्जावर ‘पोटदुखी’ लिहिण्याची गरज कमी होते. शासनाची १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून मोफत उपलब्ध आहे. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण द्यावे, ही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली तरतूद मात्र गटविमा घेणाऱ्या कित्येक कंपन्यांत कर्मचाऱ्यांना सांगितलीच जात नाही.

कोविडच्या काळात या भागातल्या सगळ्या संस्थांची एकदम परीक्षा झाली. कल्याण-डोंबिवलीत पालिकेने खासगी डॉक्टरांच्या संघटनांना सोबत घेतले. केंद्राच्या स्मार्ट शहर स्पर्धेत कोविडविषयक नवोपक्रमाचा पुरस्कार जून २०२१ मध्ये या शहराला वाराणसीसह जाहीर झाला. ४ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातला पहिला ओमिक्रॉनचा रुग्ण इथेच नोंदवला गेला. त्या दोन वर्षांत लोकांचा विश्वास मुख्यतः ओळखीच्या फॅमिली डॉक्टरवर, आशाताईंवर आणि सोसायटीच्या सचिवावर होता. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांना पालिकेच्या पत्रकाने तेवढे उत्तर मिळाले नाही, जेवढे या माणसांच्या बोलण्याने मिळाले. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असावी, अशी रचना आहे. कळवा-मुंब्र्याच्या डोंगरउतारावरच्या किंवा कल्याण पूर्वेच्या चाळींत कुठलाही संदेश पोचवायचा तर हाच खरा मार्ग.

गृहनिर्माण संस्थांचा विचार या विषयात क्वचित होतो. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा डोंबिवलीजवळच्या नव्या नगरांत एका फाटकाआत हजारो लोक राहतात. छातीत दुखू लागले आणि १०८ ला फोन गेला, तर रुग्णवाहिकेला कुठल्या फाटकातून आत घ्यायचे, कुठल्या उद्वाहनात स्ट्रेचर मावते, हे पहारेकऱ्याला माहीत असणे जीव वाचवते. ज्येष्ठ नागरिक संघ आणि सहकारी बँकांचे सभासद मेळावे ही या शहरांतली जुनी, माणसे जमवणारी व्यासपीठे आहेत. तिथे तज्ज्ञांच्या भाषणापेक्षा ‘आपापल्या गोळ्यांची पिशवी घेऊन या’ असा कार्यक्रम जास्त कामाचा ठरतो. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या रोज घेतल्या जात आहेत, हे पिशवी रिकामी केल्यावरच कळते.

जाणीव रुजवण्याच्या पद्धतींत सर्वांत परिणामकारक ठरते ती संस्थाप्रमुखांनी स्वतः रुग्णाच्या वाटेने चालून पाहण्याची. फाटकापासून केसपेपर, तपासणी, रक्त, औषध आणि परत, हा फेरा कुणी न ओळखता केला, की कुठली पाटी खांबामागे आहे आणि कुठल्या खिडकीवर उत्तर मिळत नाही ते तासाभरात दिसते. माहितीपत्रक छापण्यापूर्वी रांगेतल्या पाच-सहा जणांना वाचायला देऊन ‘यातून काय कळले’ हे विचारणे हीदेखील बिनखर्चाची गोष्ट. महाराष्ट्रात स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी बंधनकारक करणारा कायदा २०२२ मध्ये झाला. पण ‘शल्यक्रियापूर्व उपोषण आवश्यक’ असे लिहिण्याने कायदा पाळला गेला तरी ‘ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारानंतर काही खाऊ नका’ हे पोचत नाही. मोजणीही साधीच असावी: किती रुग्ण ठरल्या तारखेला परत आले, किती तपासण्या तयारी चुकल्यामुळे पुढे ढकलल्या, किती तक्रारी ‘कुणी सांगितलेच नाही’ अशा होत्या.

सर्वांत मोठा अडसर मनुष्यबळाचा आहे. शंभरावर रुग्ण तपासायचे असताना डॉक्टरांकडून प्रत्येकाला उलट विचारण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. हे काम परिचारिका, औषधनिर्माते आणि समुपदेशक यांच्यात वाटावे लागते, आणि त्यासाठी रिक्त पदे भरावी लागतात. सुरक्षा, सफाई आणि नोंदणी ही कामे बहुतेक ठिकाणी कंत्राटी झाली आहेत. कंत्राट बदलले की फाटकावरची आणि खिडकीवरची माणसे बदलतात आणि दिलेले प्रशिक्षण त्यांच्याबरोबर निघून जाते. निविदेच्या अटींतच पहिल्या आठवड्याच्या प्रशिक्षणाची आणि त्याच्या खर्चाची तरतूद केली, तरच नव्या माणसाला ‘बावीस नंबर कुठे’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर पहिल्या दिवसापासून देता येते.